खाण तशी माती? : विकरांचा वारसा आणि उंदरांचा जनुकनकाशा

स्मरणिकेसाठी लेख मागताना आम्ही सातारा जिल्ह्याच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असावी. सावित्रीमाईंचे नायगाव आपल्या खंडाळा तालुक्यातच आहे, आणि सातारच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. तेव्हा विषयांची वाण नाही. तरीही या वेळी आम्ही प्रयोगशाळेतील उंदरांवर लिहीत आहोत. त्याला कारण आहे. इतिहास शिकवताना एक वाक्य आम्हांला वारंवार ऐकावे लागते. कधी ते विद्यार्थी बोलतो, कधी पालक, कधी व्यासपीठावरचा सुशिक्षित पाहुणा: ‘ते रक्तातच असते.’ त्याला जोड म्हणून ‘खाण तशी माती’ ही म्हण येते. वर्णव्यवस्थेचे पुष्कळसे समर्थन अखेर या दोन वचनांवर येऊन टेकते. रक्तात नेमके काय असते आणि ते आईबापांकडून लेकरांकडे कसे जाते, हा प्रश्न विसाव्या शतकात सस्तन प्राण्यांपैकी ज्याच्या आधारे अत्यंत बारकाईने तपासला गेला, तो प्राणी उंदीर होय. या तपासाचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

मराठीत उंदीर हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. प्लेगचा उंदीर मोठा. त्याची जीवजात वेगळी. येथे अभिप्रेत आहे तो घरातल्या कणगीमागे राहणारा, बोटभर अंगाचा लहान उंदीर. तीन आठवड्यांत त्याची मादी विते, दोन महिन्यांत पिल्लू वयात येते, आणि खाणे मूठभर. माणसाच्या चार पिढ्यांना शंभर वर्षे लागतात, उंदराच्या चार पिढ्या एका वर्षात होतात. वारशाचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा सोयीचा प्राणी मिळणे कठीण.

आता विकर म्हणजे काय ते पाहू. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की गोड लागू लागतो, कारण लाळेतील एक विकर पिठुळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करते. शरीरात अशी हजारो विकरे आहेत. प्रत्येकाचे काम ठरलेले, आणि जवळजवळ प्रत्येक विकर हे प्रथिन असते. ते कसे घडवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते. कृतीत एखादे अक्षर बदलले, तर विकर किंचित निराळे होते. कधी त्याने काहीच बिघडत नाही, कधी काम मंदावते, कधी ते मुळीच चालेनासे होते.

याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर. तो आपल्याला स्वच्छ, सात्त्विक, जणू वरच्या कुळातला वाटतो. वस्तुतः त्याच्या अंगी टायरोसिनेज नावाचे विकर निकामी असते, म्हणून केसांत व डोळ्यांत रंगद्रव्यच तयार होत नाही. १९०२ साली फ्रान्समधील नान्सी येथे ल्युसियाँ क्यूनो यांनी मेंडेलचे नियम उंदरांच्या रंगाला लागू पडतात हे दाखविले, आणि रंग तयार होण्यामागे विकरांचा हात असावा असा तर्कही त्याच सुमारास मांडला. पुढे १९९० मध्ये असे सिद्ध झाले, की प्रयोगशाळांतील जुन्या पांढऱ्या वंशांमध्ये या विकराच्या साखळीत सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जागी सेरीन आलेले आहे. सगळ्यांत तोच एक बदल, म्हणजे सगळ्यांचा उगम एका बिघाडात. पांढरेपणा हा येथे शुद्धतेचा पुरावा नव्हे. एका कृतीतील एका चुकीची ती खूण आहे. सयामी मांजराच्या बाबतीत हेच विकर अर्धवट बिघडलेले असते. ते उष्ण भागात चालत नाही, थंड भागात चालते. म्हणून नाक, कान, पंजे व शेपटी काळी आणि बाकी अंग फिके. जनुक एकच असले तरी परिस्थिती त्याच्याकडून किती काम करवून घेईल हे निराळे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी या मांजराकडे पाहून लक्षात ठेवावी.

आता शुद्ध वंशांकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी या गावी ॲबी लेथ्रॉप नावाच्या बाई राहत. त्या पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकण्याचा धंदा सुरू केला आणि पुढे विद्यापीठांतील संशोधक त्यांचे गिऱ्हाईक झाले. बाईंच्या वह्या, नोंदी, निरीक्षणे यांचा विज्ञानाला मोठा लाभ झाला. नाव मात्र दीर्घकाळ मागेच राहिले. (शिक्षिकांच्या बाबतीत हे नवे नाही.) त्यांच्याच उंदरांपैकी ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरन्स लिटल यांनी १९२१ मध्ये काळ्या उंदरांचा जो वंश काढला, तो ‘सी ५७ ब्लॅक’ या नावाने आज जगभर वापरला जातो. लिटल यांनी १९२९ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली.

असा वंश तयार करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. सख्खा भाऊ आणि सख्खी बहीण यांची जोडी लावायची. त्यांच्या पिल्लांतून पुन्हा भाऊ-बहीण. असे सलग वीस पिढ्या. मग त्या वंशातील प्रत्येक उंदराच्या ९८ टक्क्यांहून अधिक जनुकांच्या दोन्ही प्रती एकसारख्या होतात आणि सारे उंदीर जुळ्या भावंडांसारखे होतात. परंतु वीस पिढ्यांपर्यंत पोहोचणे सोपे नसते. पहिल्या काही पिढ्यांतच पिल्लांची संख्या घटते, काही वंध्य निघतात, अनेक वंश मधेच संपतात. जे टिकतात त्यांतही एखाद्याला बहिरेपण, एखाद्याला कर्करोग, एखाद्याला आंधळेपण चिकटलेले असते. शुद्ध वंश ही निसर्गात आढळणारी वस्तू नाही. पिंजरा, कुलूप आणि नोंदवही यांच्या साहाय्याने माणसाने ती बनविली आहे, आणि पिंजऱ्याचे दार एकदा उघडे राहिले की ती नाहीशी होते.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचे खास लक्षण म्हणजे जातीबाहेर विवाहास बंदी, आणि ही बंदी समाजाने मुद्दाम घालून, कठोर उपायांनी टिकविली, हे त्या निबंधाचे मर्म आहे. बाबासाहेबांसमोर उंदीर नव्हते. समाजशास्त्राचा अभ्यास होता. पण ज्या काळात अमेरिकेतील संशोधक पिंजऱ्यात वंश बंद करीत होते, त्याच काळात त्याच देशात बसून बाबासाहेब माणसांच्या पिंजऱ्याचे कुलूप कोठे आहे ते दाखवीत होते, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये.

जनुकनकाशाची कथा १९१५ पासून सुरू होते. जे. बी. एस. हॉल्डेन, त्यांचा मित्र स्प्रंट आणि हॉल्डेन यांची जेमतेम सतरा-अठरा वर्षांची बहीण नेओमी यांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांना असे दिसले, की पांढरा रंग आणि गुलाबी डोळ्यांचा फिका रंग हे दोन गुण स्वतंत्रपणे वाटले जात नाहीत, बहुतांशी बरोबरच पुढच्या पिढीत जातात. म्हणजे त्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी असली पाहिजेत. सस्तन प्राण्यातील असा हा पहिला शोध. लेख घाईने छापावा लागला, कारण पहिले महायुद्ध पेटले होते आणि लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच स्प्रंट रणांगणावर मारला गेला. नेओमी पुढे नेओमी मिचिसन या नावाने लेखिका म्हणून प्रसिद्ध झाल्या. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले, कोलकाता व भुवनेश्वर येथे त्यांनी काम केले आणि १९६४ मध्ये येथेच देह ठेवला.

रंगासारखे डोळ्यांना दिसणारे गुण मोजकेच. नकाशा भरायचा तर न दिसणाऱ्या खुणा हव्या होत्या. त्या विकरांनी पुरविल्या, आणि त्याला कारण ठरली कपड्यांची खळ. १९५५ साली टोरांटो येथे ऑलिव्हर स्मिथीज प्रथिने वेगळी करण्याची पद्धत शोधीत होते. लहानपणी आई कपड्यांना खळ द्यायची आणि उरलेली खळ थंड झाली की थिजायची, हे त्यांना आठवले. त्यांनी बटाट्याच्या स्टार्चची घट्ट वडी केली, तिच्यात रक्तातील प्रथिने ठेवली आणि वीज सोडली. प्रथिनांवर विद्युतभार असतो, त्यामुळे ती वडीतून सरकतात. कोणी जलद, कोणी मंद. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. दोनच वर्षांनी हंटर आणि मार्कर्ट यांनी त्या वडीवर असे रसायन ओतले, की ज्या ठिकाणी अमुक विकर आहे तेथेच रंगाची पट्टी उमटावी. एका अमिनो आम्लाच्या जागी निराळ्या भाराचे दुसरे आले की पट्टी पुढेमागे सरकते. उंदराच्या रक्ताचा एक थेंब घ्यावा आणि त्याच्या विकराचे कोणते रूप आहे ते वाचावे, इतके हे सोपे झाले.

ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज हे साखरेच्या ज्वलनातील एक विकर आहे. काळ्या ‘सी ५७’ वंशात त्याची पट्टी एका जागी उमटते, पांढऱ्या ‘बॅल्ब-सी’ वंशात दुसऱ्या जागी. या दोन वंशांचा संकर केला तर काय होते ते विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे. पिल्ले ना काळी होतात ना पांढरी. ती रानउंदरासारखी तपकिरी-करडी होतात. पांढऱ्या उंदराच्या पोटात रानटी रंगाची कृती शाबूत असते, फक्त रंग बनविणारे विकर नसते. ते काळ्या जोडीदाराने पुरविले. आणि या पिल्लांच्या रक्तात पट्ट्या दोन नव्हे, तीन उमटतात. हे विकर दोन तुकड्यांचे बनते. एक तुकडा आईच्या कृतीचा आणि एक बापाच्या कृतीचा असे मिळूनही ते घडते, त्याची मधली तिसरी पट्टी. अशी संकरित पिल्ले दोन्ही शुद्ध वंशांपेक्षा सहसा धडधाकट असतात. ही तिसरी पट्टी आम्ही प्रथम पुस्तकातील छायाचित्रात पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिलो.

आता हे तपकिरी उंदीर पुन्हा पांढऱ्या वंशाशी जोडावेत. त्यांची पिल्ले काही पांढरी, काही रंगीत. रंगाचे जनुक आणि विकराचे जनुक निरनिराळ्या गुणसूत्रांवर असते, तर शंभर पिल्लांत पन्नास जुन्या जोडीची आणि पन्नास नव्या जोडीची निघाली असती. समजा, नव्या जोडीची केवळ तीस निघाली. याचा अर्थ दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर आहेत, आणि बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांत जी तुकड्यांची देवाणघेवाण होते तीत शंभरात तीस वेळा ती परस्परांपासून तुटली. जवळची जनुके क्वचित तुटतात, लांबची वारंवार. या तुटण्याच्या प्रमाणालाच अंतर मानतात. शंभरात एक म्हणजे एक सेंटिमॉर्गन. दोन गावांतील अंतर प्रवाशांच्या ताटातुटीवरून मोजावे, तसे हे आहे. अशा शेकडो संकरांतून उंदराच्या वीस गुणसूत्र-जोड्यांचा नकाशा रेखला गेला. पांढरेपणाचे जनुक, हॉल्डेन भावंडांचे गुलाबी डोळ्यांचे जनुक आणि वर सांगितलेले विकर ही तिन्ही सातव्या गुणसूत्रावर आहेत. हे सातवे गुणसूत्र लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

शुद्ध वंशांच्या संदर्भात आपल्याकडील एक नाव आदराने घेतले पाहिजे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम केले, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि उंदरांच्या वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा दीर्घ अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. या विषयातील एक जुना प्रयोग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. उंदरांच्या काही वंशांत जवळजवळ प्रत्येक मादीला स्तनाचा कर्करोग होई. पिढ्यान्‌पिढ्या होई, म्हणजे रक्तातच असले पाहिजे, असे कोणीही म्हणाले असते. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी अशा वंशाची नुकती जन्मलेली पिल्ले दुसऱ्या, निरोगी वंशाच्या मादीच्या अंगावर पाजली. त्या पिल्लांत कर्करोगाचे प्रमाण फार घटले. रोगाचा मोठा भाग जनुकांत नव्हता, दुधात होता. पुढे तो दुधातून जाणारा विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. जे पिढीजात दिसते ते सारे जनुकांतूनच येते असे नाही, हे पिंजऱ्यातील उंदरांबाबतही खरे ठरले. जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांना नायगावच्या मातीने दिलेले ते उत्तर आम्हांला येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता मुंबईकडे येऊ. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक नवा रक्तगट जाहीर केला. हे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. जगभर आज तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. याचे मूळ एका विकरात आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर प्रथम ‘एच’ नावाची एक साखर-रचना उभी राहते आणि तिच्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ची विकरे आपापली साखर चढवितात. ‘ओ’ गटाच्या माणसात ‘एच’ तसेच मोकळे राहते. बॉम्बे गटाच्या माणसात मात्र ‘एच’ उभे करणारे विकरच निकामी असते. पायाच नाही, मग भिंत कसली? त्याच्या जनुकांत ‘ए’ची किंवा ‘बी’ची कृती असली तरी ती दिसून येत नाही. भारतातील अशा अनेक व्यक्तींत या विकराच्या २४२व्या जागी ल्युसीन ऐवजी आर्जिनीन आलेले आढळले. म्हणजे त्यांचा कोणी एक पूर्वज समान असावा. माणसातले हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. आणि उंदरातले? सातव्या. माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्राचा मोठा तुकडा उंदराच्या सातव्यावर जसाच्या तसा ओळीने सापडतो. वर सांगितलेले साखरेच्या ज्वलनातील विकरही माणसात एकोणिसाव्यावरच आहे. उंदीर आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी शेजार टिकून राहिला. माणसामाणसांत भिंती घालणाऱ्यांनी हा नकाशा पाहावा.

या रक्तगटाची एक बाजू केवळ वैद्यकीय नाही. समजा, आईचा गट तपासणीत ‘ओ’ आला, वडिलांचा ‘बी’, आणि मूल ‘एबी’ निघाले. शाळेच्या पुस्तकातील तक्ता सांगतो की हे अशक्य. मग बोट कोणाकडे दाखवले जाते ते सांगायला नको. पण आई बॉम्बे गटाची असेल, तर तिच्या जनुकांत दडलेला ‘ए’ मुलात अगदी रीतसर प्रकट होतो, कारण मुलाला वडिलांकडून चांगले ‘एच’ मिळालेले असते. म्हणून रक्तगटाचा तक्ता शिकविताना ही सवलत सांगितलीच पाहिजे. न सांगणे हे अपुरे ज्ञान नव्हे, आमच्या मते तो अन्याय आहे.

दुसरे उदाहरण कल्याणचे. तांबड्या पेशींना रासायनिक इजेपासून वाचविणारे जी-६-पी-डी नावाचे विकर आहे. ते कमी असलेल्या माणसाने एरवी काही त्रास जाणवू न देता आयुष्य काढावे. पण हिवतापावरील प्रायमाक्विन घेतले की पेशी फुटतात, लघवी काळसर होते, कावीळ दिसते. याचा शोध अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग करताना लागला, आणि १९५६ मध्ये विकराची उणीव हे कारण ठरले. त्रास प्रामुख्याने काळ्या कैद्यांना झाला होता. त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. मुंबईत बक्षी, बालकृष्णन व सांघवी यांनी १९६१ मध्ये या उणिवेची नोंद केली, १९६३ मध्ये पारशी समाजातील तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर आहे, माणसात आणि उंदरातही. म्हणून आईकडून मुलग्याला त्रास होण्याची शक्यता अधिक.

१९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या विकराचे एक निराळे रूप सापडले आणि त्याला ‘कल्याण’ असे नाव मिळाले. त्याआधी १९६८ मध्ये ‘केरळ’ नावाचे रूप नोंदले गेले होते. प्रयोगशाळेतील मोजमापांवरून दोन्ही वेगळी मानली जात. १९९२ मध्ये जनुक अक्षरशः वाचले गेले, तेव्हा दोन्हींत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन, हा एकच बदल निघाला. नावे दोन, गावे दोन, भाषा दोन; बदल एक. वरून वेगळी दिसणारी माणसे आतून किती वेगळी असतात, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस माहीत नाही.

आणि हे उदाहरण एकटे नाही. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट, रक्तातील प्रथिने व विकरे यांच्या जगभरच्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला. मानवजातीतील एकूण भेदांपैकी सुमारे ८५ टक्के भेद एकाच लोकसमूहाच्या आतील माणसांमाणसांत निघाले. निरनिराळ्या वंशांमधले सहा-सात टक्केच. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘अस्पृश्य’विषयक ग्रंथात नाकांच्या मोजमापांचे उपलब्ध आकडे तपासून ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत, असा निष्कर्ष काढला होता. साधन निराळे, दिशा तीच. वासेट्ठ सुत्तात तथागत म्हणतात की गवत, किडे, पक्षी यांच्यात जातीच्या खुणा वेगवेगळ्या आहेत, माणसात तशा नाहीत. तो विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा.

मग जातीबंद विवाहांनी काहीच घडले नाही काय? घडले. पश्चिम बंगालमधील एका राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जनुकांवरून असा निष्कर्ष काढला, की पूर्वी सरमिसळ होत असलेल्या उत्तरेकडील उच्चवर्णीय समूहांत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, बाहेर लग्ने होणे एकाएकी थांबले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कालखंडाकडे थबकून पाहावे. दार लागले, पण त्यामुळे कोणी श्रेष्ठ झाला नाही. प्रत्येक बंद खोलीत त्या त्या खोलीचे दडलेले दोष साठत गेले, एवढेच. जात म्हणजे उंदरांचा शुद्ध वंश नव्हे, तेवढी कोंडी माणसांत कोठेही झालेली नाही. हा फरक न सांगता उपमा वापरणे अप्रामाणिक ठरेल.

परंतु आपल्या सातारा-सांगली भागात कोंडी आणखी एका बाजूने होते. ‘मामाच्या मुलीवर पहिला हक्क’ हे वाक्य येथे सर्व जातींत ऐकू येते, आपल्या समाजातही येते. हिशेब करून पाहू. बॉम्बे गटाचे प्रमाण भारतात साधारण दहा हजारांत एक सांगितले जाते. म्हणजे दडलेले जनुक एका प्रतीत बाळगणारे दर दहा हजारांत सुमारे दोनशे. सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न झाल्यास एकाच आजोबांचे किंवा आजीचे जनुक दोन्ही बाजूंनी येऊन मुलात जुळण्याची शक्यता सोळात एक. हे धरले तर अशा लग्नांच्या मुलांत प्रमाण दहा हजारांत एक न राहता सुमारे सात होते. रक्तगट हा रोग नाही. पण थॅलेसेमियासारख्या अनेक आजारांना हीच गुणाकाराची रीत लागू पडते, आणि आजार जितका दुर्मीळ तितकी पट मोठी. अशा लग्नांतून होणाऱ्या मुलांत जन्मजात गंभीर विकारांचा धोका इतरांपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी अधिक धरतात. फार मोठा नाही, घाबरून जाण्याजोगा नाही. पण विनाकारण पत्करण्याजोगाही नाही. लोणंदच्या बाजारात मेंढरे विकणाऱ्या धनगर बांधवाला कळपातला मेंढा दर काही वर्षांनी बदलावा हे शिकवावे लागत नाही. मग लेकरांच्या बाबतीत आपण मागे का?

येथे आम्हांला आपल्याच घरात डोकावावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे मागे टाकण्याची शपथ घेतली, त्यातील पोटजात आजही वधूवर मेळाव्याच्या अर्जात एक रकाना म्हणून शिल्लक आहे. धम्म स्वीकारलेल्या घरांत पत्रिका पाहणारे आम्हांला भेटले आहेत. पत्रिका जुळविण्याऐवजी दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी करावी. विशेषतः विदर्भात सोयरीक असेल तर सिकलसेलची अवश्य. तपासणी साधी आहे आणि तिचा खर्च मंडपाच्या एका कमानीइतकाही नाही.

शेवटी रक्तदानाबद्दल. ६ डिसेंबरला आपल्या शाळेच्या प्रांगणात जे शिबिर भरते, त्यात ज्यांचा गट ‘ओ’ निघतो त्यांनी रक्तपेढीकडे एवढेच विचारावे, की ‘एच’ची तपासणी झाली आहे काय. ती युलेक्स नावाच्या एका काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्काने करता येते: ‘ओ’ पेशी त्यात गोळा होतात, बॉम्बे गटाच्या होत नाहीत. कोणाचा गट बॉम्बे निघालाच, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी तातडीने करून घ्यावी; त्यांपैकी प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक आहे, आणि गरज पडली तर रक्त बहुधा त्यांच्याकडूनच मिळते.